चौसष्ट घरांचे हातमोजे

हैदराबाद,
९ जानेवारी २०२५

प्रिय सुचिताताई,

पाकिटावर सवयीनं 'जि. छिंदवाडा' लिहिलं, मग खोडून 'जि. पांढुर्णा' केलं. तुमचा जिल्हा बदलून सव्वा वर्ष झालं हे मला ठाऊक आहे, हाताला अजून सवय नाही. तुझा फोन माझ्यापुरता बंद आहे, म्हणून टपालानं लिहून राहिलो. अक्षर लागलं नाही तर मामीला दाखव. मोहगावहून तुमच्याकडे शाळेला आलो तेव्हापासून तिला माझं अक्षर लागतं.

मामांच्या तेरवीपासून आपलं बोलणं नाही. त्या दिवशी पंगत चालू असताना तू सगळ्यांसमोर विचारलंस, "गजू, माहा ईमेल भेटला नाई का तुले?" आणि मी म्हणालो, स्पॅममध्ये गेला असेल. तसं खरंच होतं गं कधीकधी. आमच्या संशोधन संस्थेचे कम्प्युटर बाहेरचे मेल अडवून धरतात. मी टाळतो आहे असं तुला वाटलं असेल तर माफ कर. त्या दिवशी घरात दुःख होतं, नीट बोलता आलं नाही.

आता एक काम निघालं आहे आणि त्यात तुझी मदत हवी आहे. शेतात फवारायच्या औषधांचा माणसाच्या शरीराला किती धोका, हे गणितानं काढायची एक नवी पद्धत तयार झाली आहे. माणूस किती वजनाचा, किती तास काम करतो, अंगावर कपडे कोणते, हाताला औषध किती लागतं, हे सगळं त्यात भरायचं आणि शेवटी एक आकडा निघतो. एकच्या खाली आला तर धोका नाही असं धरतात. अशी पद्धत लागू करण्याआधी बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घ्यावी लागते. त्यासाठी आम्हा पाच जणांची समिती नेमली आहे. आम्ही ठीक म्हटलं की पुढे कुठलंही नवं औषध बाजारात येताना त्याचा धोका याच पद्धतीनं मोजला जाईल.

त्यात आपल्या भागाची जुनी माहिती वापरली आहे, आपण २०११ साली रामाकोना गावाकडे घरोघर फिरून घेतलेली. हातमोजे वगैरेंच्या बाबतीत त्यात काही लहानसहान त्रुटी राहिल्या असाव्यात असं वाटतं. तू तेव्हा एका वहीत घरं आणि तारखा लिहून ठेवत होतीस. ती वही अजून असेल तर पाठवशील का? एकदा ताडून बघतो.

मामीचे गुडघे कसे आहेत? तिला नमस्कार.

तुझा,
गजू


हैदराबाद,
२९ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीनच वाक्यं आहेत. 'वही आहे. देणार नाही. वच्छलाच्या हाताचं एका शब्दानं विचारलं नाहीस.'

चार दिवस ते कार्ड खिशात घेऊन ऑफिसला जातो आहे. आज सुट्टी घेतली आणि लिहायला बसलो.

तुझा मेल स्पॅममध्ये गेला नव्हता. ६ डिसेंबर २०२२ ला, सकाळी दहाच्या सुमारास आला आणि पाच मिनिटांत मी उघडला. तू लिहिलं होतंस की रामाकोन्याच्या श्रावणची बायको वच्छला, चार दिवस सारखं औषध कालवत होती आणि पाचव्या दिवशी बांधावर पडली. तोंडाला फेस. नागपूरला न्यावं लागलं. वाचली, पण आता तिच्या बोटांना सुई टोचलेलीसुद्धा समजत नाही. तुझ्या आरोग्य उपकेंद्राच्या तीन गावांत अशा हाताला मुंग्या येणाऱ्या, हातातून ग्लास सुटणाऱ्या अकरा बाया तू मोजल्या होत्यास, आणि अकराही जणी औषध कालवणाऱ्या. शेवटी लिहिलं होतंस, 'तू यातला मोठा माणूस झाला. कोणाले लिहायचं, एवढं सांग.'

मी उत्तर दिलं नाही. कारण जो कोणी चौकशीला बसेल तो आधी विचारेल की या भागात औषध हाताळताना मोजे किती लोक घालतात. त्यावर छापलेला आकडा एकच आहे, आणि तो माझा आहे.

आणि वही. मला ती ताडून बघायची नव्हती. ती अजून शिल्लक आहे का, एवढंच काढून घ्यायचं होतं. तू ओळखलंस. मागच्या पत्रात 'लहानसहान त्रुटी' हे शब्द लिहिताना मला काहीच वाटलं नाही, याचं आज जास्त वाटतं.

२०११ चा ऑगस्ट तुला माझ्याइतकाच आठवतो. तरी लिहितो, कारण तो माझ्या अक्षरात कुठेच नाही.

माझं पीएच.डी.चं दुसरं वर्ष. चौसष्ट घरं घ्यायची होती. तुझा नर्सिंगचा कोर्स झाला होता, नोकरी लागायची होती. मामा म्हणाले, "एकटा पोरगा कोनाच्या घरात शिरन? तू जाय त्याच्यासंगं." दारं तुझ्यामुळे उघडली. माझ्या मार्गदर्शक सरांनी मला रबरी हातमोज्यांचा खोका दिला होता. आधी माहिती घ्यायची आणि जाताना भेट म्हणून मोजे द्यायचे, असं ठरलं होतं. पहिल्या दोन घरी कोणी नीट बोललं नाही. तिसऱ्या घरापासून मी मोजे आधी वाटायला लागलो. लोक खूश. हातात घालूनच बसायचे. मग मी विचारायचो, "औषध कालवताना मोजे वापरता का?"

"हाव नं, वापरतो नं."

आणि मी फॉर्मवर खूण करायचो.

वच्छला तेव्हा नवी नवरी होती, वीस वर्षांची असेल. मोजे पुरुषी मापाचे. तिनं हात खाली केला तर मोजा गळून पायाशी पडला. ती हसली, तू हसलीस, मीही हसलो, आणि तिच्या नावापुढे खूण केली.

घरी येताना तू म्हणालीस, "गजू, हे आज घातले. फवारनीच्या दिवशी येऊन पाहा लागते."

मी म्हणालो, दुसरी फेरी आहेच. फवारणी चालू असताना न सांगता जाऊन डोळ्यांनी बघायचं, म्हणजे सांगितलेलं खरं की खोटं ते कळतं. सगळ्या अभ्यासाचं वजन त्या फेरीवर होतं.

ती फेरी मी केलीच नाही. तुझ्या वहीत प्रत्येक घरापुढे एकच तारीख आहे ती म्हणून. सरांना परिषदेसाठी आकडे घाईनं हवे होते. मामांच्या माडीवर बसून मी दोन दुपारींत चौसष्ट फॉर्म भरले. तीन वेगवेगळी पेनं घेतली, एका बैठकीत लिहिलेलं दिसू नये म्हणून. अकरा घरी 'वापरत नाहीत' लिहिलं, त्रेपन्न घरी 'वापरतात'. शंभराला त्र्याऐंशी. सगळेच वापरतात म्हटलं असतं तर कोणाला पटलं नसतं.

तू चहा घेऊन वर आलीस. वरचा फॉर्म वाचलास. "याच्या घरी आपन दुसऱ्यांदा गेलोच नाई नं?"

"सरासरी तेवढीच येते, ताई."

तू कप ठेवलास आणि खाली गेलीस. मामांना काही सांगितलं नाहीस. पेपर छापायच्या वेळी मी आभारात तुझं नाव टाकतो म्हणालो, तर "नको टाकू" म्हणालीस. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की आमच्या ताईला नावाची हौस नाही.

वच्छलाचे हात कसे आहेत?

गजू


हैदराबाद,
२२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

समितीचं अर्धंच सांगितलं होतं. पुढचं सांगतो.

नोव्हेंबरात आम्हाला तीनशे पानांचा गठ्ठा आला. ही पद्धत मृणाल नावाच्या मुलीनं बांधली आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची, एकोणतीस वर्षांची. तीन वर्षं तिनं दुसरं काही केलेलं नाही. मी पान उलटत गेलो आणि एका तक्त्यात मला माझे त्र्याऐंशी टक्के भेटले. आपलं सौंसर, २०११. खाली माझं नाव.

ताई, तिथं कोणापासून काही लपलेलं नव्हतं. पेपर माझा आहे हे पाचही जणांना दिसत होतं. आमच्या अध्यक्ष उर्मिला मॅडम उलट खूश झाल्या. तपासणी करणाऱ्यांना पाच प्रश्न दिलेले असतात. तिसरा प्रश्न असा होता, की या पद्धतीत भरलेली माहिती शेतातली खरी परिस्थिती दाखवायला पुरेशी आहे का? मॅडम म्हणाल्या, "हा गजेंद्रनीच बघावा. तो त्याच मातीतला आहे."

बाकीच्यांनी आपापल्या प्रश्नावर चार-चार, सहा-सहा पानं लिहिली. एकानं तर मृणालच्या एका समीकरणावर नऊ पानं लिहिली, आणि ते समीकरण बरोबर होतं. मी तिसऱ्या प्रश्नाखाली एक शब्द लिहिला. 'पुरेशी.'

कोइमतूरच्या एका तज्ज्ञानं बैठकीत विचारलं, तुमच्याकडे औषध कालवायचं काम बायका करतात का? त्यांच्यात आणि पुरुषांत मोजे वापरण्यात फरक होता का? मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. तेवढीच एक फट होती. मी म्हणालो, लक्षणीय फरक आढळला नाही. हे चौदा वर्षांपूर्वीचं नाही, ताई. हे मागच्या नोव्हेंबरातलं आहे. तुझा मेल वाचल्यानंतरचं. वच्छलाचं ऐकल्यानंतरचं.

मधल्या सुट्टीत मृणाल चहा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, आपल्याकडे शेतात जाऊन मोजणारं कोणी नाही. सगळे परदेशातले आकडे उचलतात. तुमचा पेपर मिळाला नसता तर माझं मॉडेल उभंच राहिलं नसतं." आणि नमस्काराला वाकली. मी मागं सरकलो तर तिला वाटलं, सर साधे आहेत.

समितीला तिच्या मॉडेलची फाइल दिलेली आहे. मागच्या रविवारी दुपारी मी ती उघडली, मोज्यांच्या जागेवर त्र्याऐंशी होते ते पुसून शून्य लिहिलं आणि कालवणाऱ्या व्यक्तीचा आकडा काढला. आधी ०.८ येत होता. आता ३.१ आला. एकच्या खाली असलेली बाई एकच्या तिप्पट वर गेली. एवढंच करायला मला एक मिनिट लागलं. तुझा मेल आल्याला सव्वादोन वर्षं झाली.

बायको विचारून राहिली की जेवत का नाही. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

११ मार्चला दिल्लीत शेवटची बैठक आहे. त्या दिवशी सगळ्यांच्या सह्या होतील. मी तिथं बोलणार आहे असं इथं लिहायला घेतलं होतं, पण मग वाटलं, तेही न झालेल्या फेरीचा फॉर्म भरल्यासारखंच होईल. झालं तरच लिहीन.

गजू


दिल्ली,
११ मार्च

ताई,

बोललो.

सकाळी नाही बोललो. सकाळी दोन तास पहिल्या दोन प्रश्नांवर चर्चा झाली आणि मी मान हलवत बसलो. तिसरा प्रश्न आला. मॅडम म्हणाल्या, यात काही नाही, पुरेशी, पुढे चला. आणि पुढे गेल्यासुद्धा. चौथ्या प्रश्नाचं पान उलटलं गेलं तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, तिसऱ्याकडे परत यावं लागेल." माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी दोनदा "काय?" विचारलं.

मी सांगितलं. मोजे आधी वाटले. दुसरी फेरी केली नाही. चौसष्ट फॉर्म घरी बसून भरले. पेनांचंसुद्धा सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर कुठे थांबायचं ते कळेना. नोव्हेंबरात बायकांबद्दल बोललो तेही खोटं होतं असं सांगितलं. मग तुझ्या मेलची छापील प्रत टेबलावर ठेवली.

मग उर्मिला मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, "हा मेल कधीचा आहे?"

"डिसेंबर बावीसचा."

"आणि तुम्ही 'पुरेशी' कधी लिहिलंत?"

"नोव्हेंबर चोवीस."

त्यांनी तारखा दोनदा आपल्या कागदावर लिहिल्या. मग म्हणाल्या, "गजेंद्र, तुम्ही बाहेर बसा. हे पुढचं तुमच्यासमोर होऊ शकत नाही." इतकी वर्षं त्या मला 'अरे गजेंद्र' म्हणत होत्या.

बाहेर बाकावर मृणाल बसली होती, तिला चार वाजता बोलावलं होतं. तिला आतून कळण्याआधी मी सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ती भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "सर, मी एकूण एक आकडा तपासला होता. दोनशे सत्तर आकडे. प्रत्येकाचा मूळ कागद मागवला. फक्त तुमचा नाही मागवला."

"का?"

"तुम्ही तिथले होता म्हणून."

मग तिनं मला तुझा पत्ता मागितला. मी दिला. विचारायला हवं होतं तुला, पण दिला.

सह्या झाल्या नाहीत. पद्धत थांबवली आहे. नवी पाहणी होईपर्यंत ती वापरायची नाही असं ठरलं. माझ्या संस्थेला पत्र जाईल. हलकं वाटेल असं मला कुठंतरी वाटलं होतं. तसं काही वाटत नाही. हात धुवायला गेलो तर आरशात बघवलं नाही, एवढंच.

गजू


सौंसर,
२४ एप्रिल

ताई,

हे पत्र टपालाचं नाही. तू लसीकरणाला गेली आहेस. आल्यावर तुझ्या चहाच्या डब्याजवळ दिसेल.

मी येऊन नऊ दिवस झाले. मामीनं माडी झाडून दिली. तू अजून माझ्याशी थेट बोलत नाहीस. काल पानावर बसलो असताना म्हणालीस, "आई, त्याले विचार, भात घेते का." मामी म्हणाली, "अवं, समोरच त बसला आहे." आणि तू वरण वाढलंस. मला तेवढंही फार आहे. म्हणून जे आज झालं ते लिहूनच सांगतो.

आधी बाकीचं. मला निलंबित केलं आहे, चौकशी चालू आहे. पेपर मागे घेतला. पीएच.डी.चंही बहुधा जाईल. घरी सांगितलं. बायको म्हणाली, "हे तू मला लग्नाआधी सांगायला हवं होतंस," आणि माहेरी गेली नाही, एवढंच सध्या म्हणता येईल. वही तू मृणालला कुरियर केलीस हे मला तिच्याकडून कळलं. बरं केलंस. जुलैत तिची माणसं येणार आहेत, फवारणीच्या दिवसांत, न सांगता. त्या कामात मला हात लावायची परवानगी नाही, आणि नसावीच.

मला फक्त वच्छलाला भेटायचं होतं. नऊ दिवस मी काही ना काही कारणानं टाळलं. आज सकाळी सौंसरहून बस पकडली आणि रामाकोन्याला उतरलो.

श्रावण ओट्यावर फवारणीच्या पंपाची नळी साफ करत बसला होता. वच्छला आतून आली. मी तिला तेव्हाची हसरी नवरी म्हणून शोधत होतो. ती दिसली नाही.

"कोन? सुचिताताईचा भाऊ व्हय नं? या नं, बसा."

तिनं खुर्ची कोपरानं पुढं ढकलली. पाणी आणलं ते दोन्ही तळहातांत ग्लास दाबून, बोटं न लावता. मी घेताना ग्लास थोडा कलला तर घाबरली, "सांडलं का?" म्हणाली. सांडलं नव्हतं.

मी सांगितलं. इकडचं तिकडचं न बोलता सांगायचं ठरवून गेलो होतो, तरी आधी ऊन फार आहे असं बोललोच. मग सांगितलं की चौदा वर्षांपूर्वी मी आणि ताई आलो होतो, मोजे दिले होते. "आठवते," ती श्रावणकडे मान करून म्हणाली, "मोठे होते. यायनंच वापरले मंग, मोटर दुरुस्तीले." मी म्हणालो, तुम्ही ते घालता असं मी कागदावर लिहिलं. तुम्हीच नाही, त्रेपन्न घरं घालतात असं लिहिलं. मी पाहिलंच नव्हतं. माझ्या मनानं लिहिलं. तो कागद छापला गेला आणि मोठमोठ्या लोकांनी तो खरा मानला.

श्रावणचा हात थांबला. मला वाटलं वच्छला शिवी देईल. मी ती घ्यायच्या तयारीनंच गेलो होतो.

ती म्हणाली, "म्हंजे थे पडद्यावर दाखवलं होतं, थे तुमचं होतं?"

"कोणी दाखवलं?"

तू मला हे कधी सांगितलं नाहीस, ताई. कदाचित तुलाही माहीत नसेल. ती नागपूरहून घरी आल्यावर दीड-दोन महिन्यांनी शाळेत शिबिर झालं होतं, औषध कसं वापरावं याचं. कुठलीशी बाहेरची माणसं आली होती. तिला नावं आठवत नाहीत.

"म्हनत, तुमच्या सौंसरकडचे शंभरातले त्र्याऐंशी जन मोजे घालतेत. उरलेले आयकत नाईत, म्हून बिमार पडतेत. पडद्यावर मोठ्ठं लिवलं होतं. सारा गाव माह्याकडं पाहून राहिला होता. मी मान खाली घातली. मले वाटलं, साऱ्या बाया घालत असतीन, मीच एक नाई घातले. माहीच चुकी."

श्रावण खाली बघत म्हणाला, "मीबी हिलेच बोललो. सालभर बोलून राहिलो. सारे घालतेत, तुलेच काहून नाई समजलं."

ताई, मी माझ्या लाजेची इतकी पानं तुला लिहिली. मला वाटत होतं ती माझ्याकडे आहे. ती हिच्याकडे होती. मी ऑफिसात बसून 'पुरेशी' लिहीत होतो तेव्हा ही बाई माझी लाज आपली समजून घरात वागवत होती, नवऱ्याची बोलणी खात होती, आणि लोकांसमोर हात पदराखाली घेत होती.

मी म्हणालो, "वहिनी, तुमची चूक नव्हती. तेव्हा कोणीच घालत नव्हतं. मी खोटं लिहिलं."

श्रावणनं नळी बाजूला ठेवली, तिच्याकडे बघितलं. मग वच्छला म्हणाली, "बाकीच्या बी हेच समजून बसल्या असतीन नं? म्हून कोनी कोनाले सांगत नाई. हात झाकून ठेवतेत."

मी मान हलवली.

"मले एकटीले सांगून का व्हते मंग?"

तिनं पदर सारखा केला आणि पायात चप्पल सरकवली. "चाला. पयले गुणवंताच्या घरी. त्याची बायको त दवाखान्यातबी जात नाई."

मी तिच्या मागं निघालो. माझ्या मनात हे नव्हतं, ताई. मी एका माणसाची माफी मागून दुपारच्या बसनं परत यायचं ठरवून आलो होतो.

गुणवंताच्या घरी तो नव्हता. त्याची बायको निवडायला तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती, सुपाच्या कडेवर मनगटं टेकून नुसती बसली होती. वच्छला दारात उभी राहिली. मी आत बसून सुरुवात केली की चौदा वर्षांपूर्वी एक पाहणी झाली, त्यात आकड्याची चूक झाली.

दारातून वच्छला म्हणाली, "चूक नाई. खोटं लिवलं म्हना."

मी म्हणालो, "मी खोटं लिहिलं."

गुणवंताच्या बायकोनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं पदराखालून हात काढले, उलटे केले, सुलटे केले, आणि वच्छलाला दाखवले. "तुलेबी असंच होते का वं? सकाळी उठल्यावर जास्त?" वच्छला आत येऊन तिच्याजवळ बसली. दोघी बोलत राहिल्या. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

आज चार घरं झाली, वच्छलाचं धरून. तू मोजलेल्या अकरा जणींपैकी सात राहिल्या आहेत. उद्या सकाळी साडेसहाला तिनं बोलावलं आहे, उन्हाच्या आत.

गजू